साबळे, शाहीर

साबळे, शाहीर : (३ सप्टेंबर १९२३–२० मार्च २०१५). ख्यातनाम मराठी शाहीर, लोकगायक, तसेच मुक्तनाट्यांचे लेखक, नट व निर्माते. संपूर्ण नाव कृष्णराव गणपतराव साबळे. जन्म सातारा जिल्ह्याच्या वाई तालुक्यातील पसरणी या गावी. घरातील भजने व जात्यावरील ओव्या यांचे संस्कार त्यांच्यावर बालपणापासून झाले. प्राथमिक शिक्षण पसरणी येथे व त्यापुढील शिक्षण खानदेशातील अमळनेर येथे आजोळी झाले. तेथे त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला. शालेय शिक्षण सातवीच्या सुमारास सुटले. परंतु सभांमधून गाण्याचे आणि गाण्यातून समाजाशी बोलण्याचे शिक्षण याच काळात मिळाले. १९४२ च्या स्वातंत्र्यआंदोलनात, अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाच्या प्रचारात आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी आपला डफ व आवाज यांच्या साहाय्याने भाग घेतला. पुढे मुंबईत स्थायिक होऊन त्यांनी स्वतःचे कलापथक उभे केले आणि सु. पाच दशके ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी व रंगमंच या तिन्ही माध्यमांतून लोकप्रियता मिळविली.

साबळे यांच्या कार्याचा विचार करताना एक विसंगती प्रथम ध्यानात येते. महाराष्ट्र त्यांना मुख्यतः गायक म्हणून ओळखतो, आणि तीही प्रामुख्याने एका गीतामुळे. वस्तुतः त्यांच्या प्रतिभेचे खरे क्षेत्र रंगमंच हे होते. त्यांचे गाणे नाट्यातून जन्मले आणि नाट्यासाठी घडले. पण ध्वनिमुद्रिकेने गाणे टिकविले व नाट्य काळाच्या ओघात विरून गेले. त्यामुळे त्यांचे मूल्यमापन बहुधा अर्ध्या पुराव्यावर होत आले आहे.

पार्श्वभूमी : मराठी शाहिरीची परंपरा सतराव्या शतकापर्यंत मागे जाते. अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा हा तिचा प्रसिद्ध आरंभीचा नमुना होय. पेशवाईत या परंपरेला लावणीची जोड मिळाली आणि तमाशाचे गण, गौळण, बतावणी व वग असे अंगविभाग पुढे रूढ झाले. विसाव्या शतकाच्या चौथ्या व पाचव्या दशकांत शाहिरीला राजकीय वळण लागले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने (स्थापना १९४४) कामगारांच्या लढ्याला शाहिरीची भाषा दिली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने समाजवादी विचारांच्या प्रसारासाठी लोकनाट्याचा उपयोग केला. साबळे यांची जडणघडण याच वातावरणात झाली. मात्र कोणत्याही पक्षाच्या सांस्कृतिक आघाडीपुरते ते मर्यादित राहिले नाहीत. अमर शेखांचा आवाज मोर्च्याच्या अग्रभागी राहणारा होता. साबळे यांचा आवाज मोर्चा पांगल्यानंतर चाळीच्या चौकात जमलेल्या माणसांना हसविणारा व हसता हसता टोचणारा होता. या भेदात त्यांच्या यशाचे आणि मर्यादांचेही मूळ सापडते. [⟶ तमाशा, पोवाडा, लोकनाट्य].

गायन : साबळे यांचा आवाज उंच पट्टीचा, खुला व खणखणीत होता. ध्वनिक्षेपकाशिवाय मैदानातील शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचविणे ही शाहिराची पहिली कसोटी असते. तिच्यामुळे व्यंजनांचा स्पष्ट आघात, ओळीच्या अखेरीस स्वर लांबविण्याची लकब आणि झीलकऱ्यांशी सवाल-जवाबाची रीत ही वैशिष्ट्ये त्यांच्या गायकीत दृढ झाली. शास्त्रीय संगीतातील आलापीचा विस्तार किंवा भावगीतातील कुजबुजणारे मार्दव यांची अपेक्षा तिच्याकडून करणे गैर होय. शब्दाचा अर्थ श्रोत्याच्या कानी पडताक्षणी उमटला पाहिजे, हेच तिचे सूत्र आहे.

त्या काळातील ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस सु. तीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असे. रात्रभर चालणाऱ्या गोंधळाला किंवा तासभर रंगणाऱ्या पोवाड्याला हे माप जाचक होते. साबळे यांनी ते स्वीकारले आणि त्यात आपले कौशल्य दाखविले. संत एकनाथांचे विंचवावरील भारूड हे त्याचे उत्तम उदाहरण ठरते. भारूड हा मुळात अभिनयाचा प्रकार. विंचू चावलेल्या माणसाची तडफड, भोवतालच्या माणसांची धांदल आणि अखेरीस येणारा आध्यात्मिक उतारा ही सर्व सामग्री प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे घडावी लागते. साबळे यांच्या ध्वनिमुद्रणात ही दृश्ये आवाजातून उभी राहतात. कण्हणे, ओरडणे, थांबणे व पुन्हा उसळणे यांमुळे श्रोत्याला न दिसणारा नट दिसू लागतो. त्यांनी गायिलेली कोळीगीते, मल्हारीची गाणी व गोंधळगीते यांतही हाच नाट्यगुण आढळतो. त्यांच्या गाण्यांची लोकप्रियता केवळ ठेक्यावर आधारलेली नव्हती, हे यावरून स्पष्ट होते.

परंतु या रूपांतराला किंमतही मोजावी लागली. तीन मिनिटांच्या गाण्यात प्रेक्षकाला प्रत्युत्तर देण्यास वाव उरत नाही. गोंधळातील पूजाविधी, भारूडातील स्थानिक माणसांवरचे कोपरखळ्यांचे बोल आणि पोवाड्यातील गद्य निवेदन हे भाग प्रथम गळाले. लोकगीताचे चालीसह जतन झाले, पण ज्या प्रसंगी ते गायिले जाई, तो प्रसंग मागे राहिला. साधारण याच काळात अन्य देशांतही असेच घडत होते. आयरिश लोकगीते घेऊन क्लॅन्सी बंधू व टॉमी मेकम १९६१ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर आले. खेड्यातील मद्यगृहात व घरगुती मैफलींत गायिली जाणारी गाणी त्यानंतर सभागृहांत व ध्वनिमुद्रिकांवर जगभर पोचली. आयर्लंडमध्येही त्यामुळे एकीकडे परंपरेला नवी प्रतिष्ठा मिळाली आणि दुसरीकडे तिचे स्वरूप आटोपशीर झाल्याची तक्रार निर्माण झाली. साबळे यांच्यावरील आक्षेप याच जातीचा आहे व तो पूर्णतः निराधार म्हणता येत नाही.

‘जय जय महाराष्ट्र माझा’ : १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. त्या सुमारास साबळे यांनी गायिलेले हे गीत त्यांच्या नावाशी कायमचे निगडित झाले. त्याची घडण लक्षणीय आहे. गीताचे कवी राजा बढे (१९१२–७७) हे नागपूरचे. त्यांची ख्याती मुख्यतः नाजूक भावगीतांसाठी. संगीतकार श्रीनिवास खळे (१९२६–२०११) यांचाही पिंड भावसंगीताचा. अशा दोघांनी रचलेल्या वीरगीताला गळा मात्र शाहिराचा लाभला. म्हणून हे गीत रूढ अर्थाने पोवाडा नाही. त्यात कथा नाही, नायक नाही, प्रसंगवर्णनही नाही. प्रदेशाचे स्तवन एवढाच त्याचा विषय. सुबक बांधणीच्या या रचनेला साबळे यांच्या खुल्या आवाजाने मैदानी विस्तार दिला. विदर्भातील कवी, मुंबईतील संगीतकार व साताऱ्यातील शाहीर यांचा हा संयोग नव्या राज्याच्या घडणीचे प्रतीक म्हणूनही पाहता येतो. नागपूरसह विदर्भ महाराष्ट्रात सामील होण्याविषयी त्या भागात मतभेद होते, ही पार्श्वभूमी ध्यानी घेतल्यास त्याचे महत्त्व अधिक जाणवते.

१९ फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्र शासनाने या गीताला राज्यगीताचा दर्जा दिला. शासकीय समारंभांत व शाळांमध्ये म्हणण्यासाठी मूळ गीतातील दोनच कडवी स्वीकारण्यात आली. गायकाचा याहून मोठा सन्मान कल्पिणे कठीण. तथापि शासनकर्त्यांची टर उडविण्यात ज्याने आयुष्य वेचले, त्याचा आवाज शासकीय समारंभाचा भाग व्हावा, यातील उपरोध त्यांच्याच मुक्तनाट्यात शोभला असता.

मुक्तनाट्य : साबळे यांची रंगभूमीला मिळालेली मुख्य देणगी म्हणजे मुक्तनाट्य. तमाशातील गण-गौळणीचा साचा, वगाची राजा-प्रधानाची कथा आणि प्रहसनातील विनोद यांचे बंधन सैल करून त्यांनी समकालीन विषयांवर बेतलेला, मोजक्या नेपथ्याचा व भरपूर गाण्यांचा नाट्यप्रकार रूढ केला. यमराज्यात एक रात्र (१९६०) या मुक्तनाट्यात यमलोकाच्या निमित्ताने भूलोकीच्या कारभाराची झडती घेतली आहे. आंधळं दळतंय (१९६६) याचे नाव प्रसिद्ध म्हणीवरून घेतलेले असून, मुंबईत राबणाऱ्या मराठी माणसाच्या पदरी येणारी उपेक्षा हा त्याचा विषय होय. त्याच वर्षी जूनमध्ये शिवसेनेची स्थापना झाली. मुक्तनाट्यातील व्यथा व त्या संघटनेने मांडलेला प्रश्न यांत साम्य असल्यामुळे या नाट्याकडे दीर्घकाळ राजकीय दृष्टीनेच पाहिले गेले. असुनी खास मालक घरचा, बापाचा बाप, कोंडू हवालदार, माकडाला चढली भांग ही त्यांची अन्य मुक्तनाट्येही गाजली.

मुक्तनाट्यातील गाणे तीन कामे करते. ते स्थळ-काळ बदलते. नुकत्याच घडलेल्या प्रसंगावर भाष्य करते. आणि हशानंतर प्रेक्षकांना गंभीर होण्यासाठी अवधी देते. ही तिन्ही कामे एकाच नटाने पात्राच्या वेशात राहून करणे अवघड असते. गायक म्हणून तो कथेच्या बाहेर उभा असतो व पात्र म्हणून तिच्या आत. साबळे यांना हा प्रवेश-निर्गम सहज साधत असे. आदल्या दिवसाच्या वृत्तपत्रातील बातमी संवादात गुंफण्याची तमासगिराची हजरजबाबी वृत्ती त्यांनी जपली. याच दशकात वसंत सबनीस यांच्या विच्छा माझी पुरी करा (१९६५) या लोकनाट्याने व त्यातील दादा कोंडके यांच्या अभिनयाने पांढरपेशा प्रेक्षकाला तमाशाच्या अंगाकडे वळविले. दोघांची तुलना केल्यास असे दिसते, की विच्छाला बांधेसूद संहितेचा आधार होता, तर साबळे यांच्या नाट्यांचा भर प्रयोगकर्त्यावर अधिक. म्हणूनच संहिता वाचून त्यांचा पुरता प्रत्यय येत नाही. काही ठिकाणी कथानक पातळ आहे, पात्रे एकसुरी आहेत आणि उपदेश उघड आहे. हे दोष मान्य करूनही, शिकलेल्या व न शिकलेल्या प्रेक्षकाला एकाच वेळी हसविणारे आणि सत्ताधाऱ्यांविरुद्ध निर्भयपणे बोलणारे हे नाट्य गिरणगावाच्या सांस्कृतिक जीवनाचा मोलाचा भाग होते, यात शंका नाही. फिरत्या नाट्यगृहाचा प्रयोगही साबळे यांनी करून पाहिला. प्रेक्षकाने नाट्यगृहात यावे, त्याऐवजी नाट्यगृहाने प्रेक्षकाकडे जावे, ही त्यामागील दृष्टी होती.

महाराष्ट्राची लोकधारा : पुढील काळात साबळे यांनी राज्यातील लोकगीते व लोकनृत्ये यांचे एकत्र दर्शन घडविणारा महाराष्ट्राची लोकधारा हा कार्यक्रम सादर केला. वासुदेव, गोंधळी, भुत्या, कोळी, धनगर, लावणी-नर्तकी अशी रूपे एकामागून एक रंगमंचावर येत व दोन-तीन तासांत प्रेक्षकाला राज्याची परिक्रमा घडे. १९८० च्या दशकात या पथकातून पुढे आलेल्या केदार शिंदे, अंकुश चौधरी, भरत जाधव इत्यादींनी नंतर मराठी नाट्य-चित्रपटसृष्टीत नाव मिळविले. शहरात वाढलेल्या पिढीला लोककलांची पहिली ओळख बहुधा या कार्यक्रमानेच करून दिली. पुढील अनेक कलापथकांनी व दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांनी हाच आराखडा गिरविला.

या कार्यक्रमाच्या नावातील ‘महाराष्ट्र’ हा शब्द मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. त्यातील लोकप्रिय ठरलेल्या आविष्कारांवर देश व कोकण यांचा ठसा ठळक होता. पूर्व विदर्भातील दंडार व खडी गंमत या प्रकारांना तेवढे स्थान लाभले नाही. भंडारा जिल्ह्यातील, लाखांदूर तालुक्यातील दिघोरी या गावाचे उदाहरण घेतल्यास हा फरक स्पष्ट होईल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या पट्ट्यास झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतर येथे गावोगाव मंडई भरते. तीत दंडार व खडी गंमत यांचे खेळ होतात. धान घरात आल्यानंतर, म्हणजे साधारणतः हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत, नाटकांचा हंगाम असतो. वैनगंगेपलीकडील वडसा (देसाईगंज) हे नाटक मंडळ्यांचे केंद्र असून तेथून मंडळ्या अशा गावांना जातात. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक पहाटे संपते. नट-नट्या वाद्यवृंदाच्या प्रत्यक्ष साथीने स्वतः गातात; नाटकाच्या निमित्ताने लेकी-जावई व पाहुणे गावात येतात, सोयरिकीही जुळतात.

म्हणजे साबळे यांनी तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेत व तीन तासांच्या कार्यक्रमात जे संक्षेपाने आणले, ते झाडीपट्टीत विस्ताराने राहिले. याचे कारण तेथील कलावंतांचा अधिक कर्मठपणा असे मानणे चुकीचे ठरेल. धानाच्या हंगामाने मिळवून दिलेली सवड व हाती खेळणारा पैसा, मोठ्या शहरांपासूनचे अंतर आणि नाटक ठरविणारे गावकरी मंडळ यांमुळे रात्रभराचा खेळ परवडतो व हवासा वाटतो. गिरणगावातील कामगाराला दुसऱ्या दिवशीच्या पाळीचा भोंगा ऐकावा लागे. त्याच्यासाठी नाट्य आखडणे हा साबळे यांचा व्यावहारिक व योग्य निर्णय होता. प्रत्येक प्रेक्षकवर्गाच्या श्रमाच्या वेळापत्रकातून त्याच्या कलेची लांबी ठरते, हा निष्कर्ष या तुलनेतून निघतो. झाडीपट्टीलाही बदल चुकलेला नाही. चित्रपटगीतांवरील नाचांचा शिरकाव तेथे झाला आहे आणि गाता नट व केवळ ध्वनिफितीवर नाचणारा कलाकार यांतील निवड तेथील मंडळ्यांनाही करावी लागते. साबळे यांच्यापुढे एका पिढीपूर्वी हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला होता.

मूल्यमापन : साबळे यांनी लोककला ‘शुद्ध’ रूपात जतन केली नाही, असा आक्षेप अभ्यासकांकडून घेतला जाऊ शकतो. परंतु ते संग्राहक नव्हते. चालू काळाशी बोलणारे शाहीर होते. जुन्या प्रकाराला नव्या मापात बसविताना त्यांनी त्याचा विनोद व निर्भयता सहसा हरवू दिली नाही. त्यांची खरी उणीव अन्यत्र आहे. लोकधारेच्या यशानंतर राज्याच्या विविधतेचे एक ठरावीक चित्र तयार झाले. रंगीबेरंगी वेशभूषा, वेगवान ठेका व अखेरीस प्रदेशस्तुती या साच्यातून टीका हळूहळू ओसरली. मुक्तनाट्यातील साबळे सत्तेला प्रश्न विचारीत. लोकधारेतील साबळे राज्याचा गौरव करीत. एकाच कलावंताच्या या दोन भूमिकांपैकी दुसरीचे अनुकरण सोपे असल्याने तिलाच वारस अधिक लाभले. त्यांच्या परंपरेचा सांगोपांग विचार करावयाचा, तर पहिल्या भूमिकेकडे पुन्हा वळणे आवश्यक आहे. मुक्तनाट्यांच्या संहितांचे प्रयोगविषयक टिपणांसह संपादन झाल्यास ते काम सुकर होईल. झाडीपट्टीतील गात्या नटांच्या बाबतीतही प्रत्यक्ष प्रयोगांच्या अखंड ध्वनिचित्रमुद्रणाची निकड तितकीच आहे. अन्यथा तेथेही काही गाणी उरतील आणि रात्र मात्र हरवेल.

साबळे यांच्या पहिल्या पत्नी भानुमती या कवयित्री होत्या. त्यांचे चिरंजीव देवदत्त हे संगीतकार व कन्या चारुशीला या अभिनेत्री-नर्तकी म्हणून ख्यातनाम आहेत. माझा पवाडा हे साबळे यांचे आत्मचरित्र. संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९८४) व पद्मश्री (१९९८) हे सन्मान त्यांना प्राप्त झाले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २०२३ मध्ये, गडचिरोली जिल्ह्यातील झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. राज्याच्या पूर्व टोकाच्या रंगभूमीची दखल राष्ट्रीय पातळीवर घेतली जाण्यास एवढा काळ जावा लागला, हे या संदर्भात नोंदविण्यासारखे आहे. त्याच वर्षी साबळे यांच्या जीवनावर त्यांचे नातू केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेला महाराष्ट्र शाहीर हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात अंकुश चौधरी यांनी साबळे यांची भूमिका केली.

मुंबई येथे वृद्धापकाळाने साबळे यांचे निधन झाले.